बँक बदलण्याआधी पंधरा लाखांचं गणित

नमस्कार काका,

मी २७ वर्षांची आहे. गाव बार्शी, नोकरी चाकणच्या एका कंपनीत, राहते भाड्याने. हातात ६२ हजार पगार येतो, त्यातले पंचवीसेक हजार दर महिन्याला बाजूला पडतात. आतापर्यंत ११ लाख साठले. त्यातले साडेआठ लाख गावच्या नागरी सहकारी बँकेत तीन ठेवींमध्ये आहेत (बाबा तिथले जुने सभासद), एक लाख पतसंस्थेत, आणि दीड लाख पगाराच्या खात्यात. पगाराचं खातं एका खासगी बँकेत, कंपनीनेच उघडून दिलेलं.

पुढच्या दिवाळीपर्यंत मोशीत टू बीएचके घ्यायचा विचार आहे. बांधकाम चालू असलेला एक प्रकल्प पाहिला, किंमत ४८ लाख. ऑफिसमधले सगळे म्हणतात, आत्ताच सगळे पैसे आणि पगाराचं खातं एखाद्या मोठ्या सरकारी बँकेत हलव, वर्षभरात 'संबंध' तयार होतात आणि कर्ज स्वस्त मिळतं. मैत्रीण एका नव्या बँकेचं अ‍ॅप दाखवते, तिथे बचत खात्यालाच सात टक्के आहेत. बाबा म्हणतात, आपली बँक सोडायची नाही, चेअरमन ओळखीचे आहेत, कर्ज तेच करून देतील. मी आजवर एक रुपयाही उधार घेतलेला नाही, क्रेडिट कार्डसुद्धा नाही. बँक बदलू का? बदलली तर कधी?

– द्विधा मनःस्थितीत, चिंचवड

*

अगं, आधी एक सांगतो. सत्ताविसाव्या वर्षी, भाडं भरून, अकरा लाख! मी बँकेत कर्ज विभागात बसायचो तेव्हा असं पासबुक समोर आलं की आम्ही शेजारच्या टेबलावर दाखवायचो.

आता तुझ्या सहकाऱ्यांच्या 'संबंधां'बद्दल. मॅनेजर ग्राहकाला नावाने ओळखायचा आणि कर्ज मंजूर करायचं की नाही हे शाखेतच ठरायचं, त्या काळातला हा सल्ला आहे. आज मोठ्या बँकेत तुझी फाइल शाखेतून उचलून दूर कुठल्या तरी प्रोसेसिंग सेंटरला जाते. तिथे बसलेल्या माणसाला तू त्या बँकेत वर्षभर पैसे ठेवले होतेस याचं फारसं कौतुक नसतं. तो बघतो पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, क्रेडिट रिपोर्ट आणि घराची कागदपत्रं. स्टेटमेंट कुठल्याही बँकेचं चालतं. बचत खातं आणि ठेवी तर क्रेडिट रिपोर्टमध्ये येतच नाहीत, तिथे फक्त कर्जं आणि कार्डं दिसतात.

उलट अर्जाच्या तोंडावर खातं हलवलं तर त्रासच होतो. भोसरीच्या एका कंपनीतला मुलगा माझ्याकडे आला होता. घर घ्यायचं म्हणून त्याने तीन महिने आधी पगाराचं खातं बदललं होतं. जुन्या खात्यातून बाइकच्या कर्जाचा हप्ता जायचा, ते मॅंडेट (हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) बदलायचं राहून गेलं. खात्यात पैसे नाहीत, दोन हप्ते परत गेले, आणि मेसेज जुन्या नंबरवर. त्याला पत्ताच नाही. घराची फाइल लॉगिन केली तेव्हा रिपोर्टमध्ये थकबाकी. पगार चांगला, कंपनी चांगली, पण फाइल सहा महिने मागे पडली आणि बिल्डरने तोवर दर वाढवला. तुझं कर्ज नाही, पण एसआयपी असेल, विम्याचा हप्ता असेल, पीएफला जोडलेलं खातं असेल. तेव्हा पगाराचं खातं आहे तिथेच राहू दे.

काही बँका पगाराचं खातं त्यांच्याकडे असेल तर व्याजात थोडी सवलत देतात, हे खरं आहे. पण ती मागायची वेळ आत्ता नाही. दोन-तीन बँकांकडून कर्जाचा देकार लेखी घे, सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात येऊ दे, आणि त्यात 'पगार खातं आणल्यास इतका दर' असं छापलेलं असेल तर तेव्हा खातं हलव. आधी हलवून ठेवलंस तर घासाघीस करायला तुझ्याकडे काही उरत नाही.

सवलत नेमकी किती मोलाची, हेही मोजून ठेव. ३८ लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत. पावणेआठ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ३१,२०० रुपये, आठ टक्क्यांनी साधारण ३१,८००. पाव टक्क्याचा फरक महिन्याला सहाशेच्या आत, पण वीस वर्षांत एक लाख चाळीस हजारांच्या घरात जातो. म्हणजे दरासाठी भांडायचं, जरूर भांडायचं. फक्त ते भांडण कर्जाच्या टेबलावर होतं, बचत खात्याच्या खिडकीवर नाही.

मैत्रिणीच्या अ‍ॅपचं थोडक्यात सांगतो. बचत खात्याचा दर ठरवायची मोकळीक बँकांना २०११ पासून आहे, त्यामुळे मोठ्या बँका अडीच टक्क्यांच्या आसपास देतात आणि नव्या, लहान बँका ठेवी ओढायला जास्त देतात. यात फसवणूक नाही. पण तो वरचा दर बऱ्याचदा ठरावीक रकमेच्या पुढेच लागू होतो आणि बँक तो कधीही खाली आणू शकते. तुझ्या दीड लाखावर पूर्ण साडेचार टक्क्यांचा फरक मिळाला तरी वर्षाला पावणेसात हजार होतात. आहे त्याच बँकेत त्यातले लाखभर रुपये स्वीप-इन ठेवीत (बचत खात्यालाच जोडलेली, लागतील तेव्हा पैसे खात्यात परत येणारी ठेव) टाकलेस तर निम्म्याहून जास्त फायदा घरबसल्या मिळेल. नवं अ‍ॅप, नवं केवायसी, नवा पासवर्ड, हे सगळं त्यासाठी करायचं असेल तर कर. मी केलं नसतं.

आता बाबांच्या बँकेकडे येतो. इथे मला जरा थांबावं लागेल, कारण तुझ्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट इथे आहे आणि तू ती कंसात टाकली आहेस.

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा असतो. ही रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी. फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एका माणसाला एका बँकेत पाच लाख रुपये आहे, त्याआधी ती फक्त एक लाख होती. ही पाच लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवी मिळून. तीन ठेवपावत्या म्हणजे तीनदा पाच लाख, असं नाही. तुझे साडेआठ लाख एकाच बँकेत, एकाच नावावर असतील तर त्यातले साडेतीन लाख आणि वरचं व्याज, हे निव्वळ विश्वासावर आहेत. आणि पतसंस्थेला तर हा विमा नाहीच. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. गावात दोघींच्याही पाट्या सारख्याच दिसतात, कर्मचारीही तसेच गोड बोलतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

घाबरवायला सांगत नाही. पण सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली आणि बँकेचं विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. आपल्या पुण्यातल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली, म्हणजे तिथले लोक तुलनेने लवकर सुटले. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि आता निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. चांगलंच आहे. पण बिल्डरचं पैसे मागणारं डिमांड लेटर आलं की तो पंधरा-वीस दिवस देतो, नव्वद नाही.

हे वाचून 'सहकारी म्हणजे बुडणारी' असं मनात आणू नकोस. सारस्वत १९१८ ची, कॉसमॉस १९०६ ची. शंभरी ओलांडलेल्या या बँकांनी आपल्याकडच्या किती घरांना पहिलं कर्ज दिलं असेल. तुझ्या गावची बँकही उत्तम चाललेली असेल. माझा आक्षेप बँकेला नाही, घरासाठी साठवलेले जवळपास सगळे पैसे एकाच ठिकाणी असण्याला आहे.

म्हणून असं कर. तिन्ही पावत्या समोर घे, मुदत कधी संपते आणि मोडली तर किती व्याज कापतात ते बघ. सगळ्यात आधी पिकणारी ठेव पुन्हा तिथेच ठेवू नकोस. ती पिकायला बराच अवकाश असेल तर जी मोडल्याने कमीत कमी तोटा होईल ती मोड. चार लाखांवर वर्षाचं एक टक्का व्याज गेलं तरी चार हजार रुपये. त्या बँकेत व्याजासकट पाच लाखांच्या आत राहील एवढंच ठेव, बाकीचे दुसऱ्या बँकेत. तुझ्या पगाराच्या बँकेतच ठेव केलीस तरी चालेल. पतसंस्थेतले लाख रुपये मुदत संपल्यावर काढ, एक टक्का जास्त मिळतो म्हणून तिथे रेंगाळू नकोस. आणि बाबा 'मग माझं नाव जोडू, जॉइंट करू' म्हणाले तर त्यात तथ्य आहे. तुझी एकटीची ठेव आणि तुझी-बाबांची संयुक्त ठेव विम्यासाठी वेगळी धरतात. पण घर घ्यायच्या वेळी पैसे एकटीच्या नावावर असलेले सोपे पडतात.

चेअरमनसाहेब कर्ज करून देतील, हेही खरं असेल. मग त्यांना एक प्रश्न विचार: व्याजदर कशाला जोडलेला आहे? १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं नवं गृहकर्ज रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो दर बदलावा लागतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला. ज्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं होतं त्यांचा दर आपोआप उतरला. नागरी सहकारी बँकांना हे बंधन नाही, गृहवित्त कंपन्यांनाही नाही. तिथे दर कधी आणि किती उतरवायचा ते संचालक मंडळ ठरवतं. आणि संचालक मंडळाला दर चढवायची आठवण लवकर होते, उतरवायची उशिरा, असा माझा अनुभव आहे. शिवाय सहकारी बँकेत कर्ज घेताना सभासद व्हावं लागतं, बहुतेकदा कर्जाच्या प्रमाणात भाग (शेअर) घ्यावे लागतात, त्यात पैसे अडकतात.

कर्जाची बँक चुकली तरी आकाश कोसळत नाही. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर ते मुदतीआधी फेडायला किंवा दुसरीकडे न्यायला बँक दंड लावू शकत नाही, हे २०१२ पासून आहे. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि गहाणाची पुन्हा नोंद, एवढा खर्च येतो.

इथवर बँकेचं झालं. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले, आणि वाटलं की या मुलीचं गाडं बँकेपाशी अडलेलंच नाही.

घर ४८ लाखांचं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ३८ लाख ४० हजार. तुझं मार्जिन, म्हणजे तुझ्या पदरचा वाटा, ९ लाख ६० हजार. हे तू धरलंच असशील. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही, ती खिशातून. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सात टक्के, घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे सहा. ते झाले २ लाख ८८ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी पाच टक्के, २ लाख ४० हजार. बेरीज कर. १५ लाख १८ हजार. तुझ्याकडे आहेत ११, आणि दिवाळीपर्यंत महिन्याला पंचवीस हजारांनी आणखी तीनेक लाख होतील. तरी लाखभर कमीच, आणि पडदे, पंखे, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या हे मी धरलेलंच नाही. शिवाय सगळं रिकामं करून घरात जायचं, आणि पहिल्याच महिन्यापासून निम्मा पगार हप्त्यात. मी तुझा बाप असतो तर रात्री झोप लागली नसती.

आता हीच बेरीज जरा वेगळी करून बघू. जीएसटीत एक सवलतीची खिडकी आहे: घराची एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ठरावीक मर्यादेत असेल तर दर पाच नाही, एक टक्का. मुंबई परिसरात ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे, पण पुणे-पिंपरी त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे ९० चौरस मीटर. मोशीतला साधा टू बीएचके यात आरामात बसतो. ४५ लाखांच्या घराला मार्जिन ९ लाख, मुद्रांक शुल्क २ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी फक्त ४५ हजार. एकूण १२ लाख ४५ हजार. दिवाळीपर्यंत तुझ्याकडे एवढे जमून वर दीडेक लाख हाताशी राहतात. हप्ताही २९,५०० च्या आसपास येतो.

तीन लाखांनी घर स्वस्त झालं आणि सुरुवातीची रक्कम पावणेतीन लाखांनी कमी लागली. कुठली बँक बदलून हे होणार होतं? पण सावध राहा. ४५ लाखांत पार्किंग, मजल्याचे जादा पैसे, सगळं धरतात. बिल्डर म्हणेल, 'मॅडम, करार ४४ चा करू, बाकीचे वेगळे देऊन टाका.' तिथून उठून ये.

सवलत फक्त स्त्रीच्या नावावरच्या घराला आहे, त्यामुळे करारात प्रेमाने बाबांचं किंवा भावाचं नाव घातलंस की ती गेली. उत्पन्न कमी पडत असेल तर बाबा कर्जात सहअर्जदार होऊ शकतात, त्यासाठी घरात त्यांचं नाव असायलाच हवं असं नाही.

आणि पैसे कधी लागतात ते लक्षात घेऊन ठेवींच्या मुदती लाव. आधी तुझं मार्जिन जातं, मग बँक आपला पहिला हप्ता सोडते. करार नोंदवायच्या आधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तो रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचा, नियम आहे. करारापर्यंत साडेचार लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणीचे तीन लाख, बाकीचं त्यानंतर लगेच. एक ठेव करारापूर्वी पंधरा दिवस पिकेल, दुसरी महिनाभराने, असं बसव. बाबा काही देणार असतील तर ते त्यांच्या खात्यातून तुझ्या खात्यात येऊ दे. रोख भरून स्टेटमेंटमध्ये दिसलं की बँकेचा माणूस विचारणारच, हे कुठून आले.

एक गोष्ट मात्र आज, या आठवड्यात करायची आहे. 'एक रुपयाही उधार नाही' हे तू अभिमानाने लिहिलंस, आणि बाबांनी तुला ते नीट शिकवलंय. पण कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल कंपनीच्या लेखी तुझी पत चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती कोरी आहे. ३०० ते ९०० च्या त्या गुणांत ७५० च्या पुढे असलेल्याला चांगला दर मिळतो, आणि तुझ्या नावापुढे गुणच नसतील. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला नकार देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. पण नकार न देणं वेगळं आणि सगळ्यात कमी दर देणं वेगळं. पंचवीस हजारांची एक ठेव तारण ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घे. किराणा आणि पेट्रोल त्यावर टाक, बिल आलं की पूर्ण भर, किमान रक्कम भरून पुढे ढकलू नकोस. सहा-आठ महिन्यांत कोऱ्या पाटीवर काहीतरी उमटेल. सिबिलसारख्या चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, आत्ता एक काढून ठेव. तुझ्या नावासारख्या दुसऱ्या कुणाचं कर्ज तुझ्या खात्यावर चढलेलं नाही ना, तेही बघ. असं होतं. आणि दर विचारायला म्हणून पाच वेबसाइटवर पॅन नंबर टाकत फिरू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

बाबांशी बोलताना 'काका म्हणाले बँक सोड' असं सांगू नकोस, मी तसं म्हणालेलो नाही. त्यांचं सभासदत्व राहू दे, पाच लाखांच्या आतली तुझी ठेवही राहू दे. वार्षिक सभेला ते जातीलच, आणि लाभांश जाहीर झाला की तुला फोन करून सांगतील. फक्त पुढच्या वेळी बार्शीला गेलीस की तीन पावत्यांचे फोटो काढून आण, आणि मुदतीच्या तारखा मला लिहून कळव.